जास्तीचे दोन काने

फोन वाजला तेव्हा प्रूफकाका गॅलरीत बसून पॅन्टला बटण लावत होते. दोरा सुईत गेला होता, हे पहिलं यश. पण बटणाला चार भोकं असतात आणि त्यांतल्या कुठल्या भोकातून आधी वर यायचं हे आजवर काकूच ठरवत आली होती. काकू जाऊन वर्ष उलटलं होतं. बटण मात्र आत्ता तुटलं होतं.

प्रूफकाका हे नाव त्यांना इमारतीतल्या पोरांनी दिलेलं. एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर प्रुफं तपासली. वेळापत्रकं, वार्षिक अहवाल, औषधाच्या बाटलीतली ती घडी घातलेली बारीक चिठ्ठी, काय वाटेल ते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना दारातून दिसायची. एकदा तर शोकसभेच्या फलकावर 'भावपुर्ण' लिहिलेलं पाहून ते फलक दुरुस्त होईपर्यंत आत गेले नव्हते, आणि आत गेले तेव्हा सभा संपली होती. दुसऱ्यांच्या चुका अशा ढीगभर सापडल्या. स्वतःच्या सापडाव्यात अशी काही सोय त्या धंद्यात नव्हती.

फोन होणाऱ्या जावयाच्या वडिलांचा होता. काकांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न काकू असतानाच ठरलं होतं, तिच्यामागे वर्षभर लांबलं होतं आणि आता तोंडावर आलं होतं. मुलाचे वडील दातांचे डॉक्टर. त्यांच्या घरी हिंदी आणि उर्दू एकाच ताटात जेवायच्या. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावलेला माणूस. त्याच्यापुढे काकांसारख्या मुखदुर्बळाची काय कथा.

म्हणजे हिंदी काकांना येत होती. कळायची तरी नक्की. पण बोलण्याचं खातं काकूकडे होतं. मराठी वाक्याच्या शेवटी 'है' ठेवला की हिंदी तयार होते, यावर तिचा ठाम विश्वास. "अहो भाईसाब, हमारा फडका तुम्हारे गॅलरीत पड्या है, जरा देव ना," असं ती खालच्या बिऱ्हाडाला ओरडून सांगायची. काका आत बसून त्या वाक्यातल्या चुका काढत. त्यांचं चुका मोजणं होईपर्यंत फडकं वर आलेलं असे, आणि वर दोन घटका गप्पाही झालेल्या असत.

शेवटच्या दिवसांत तर तिची हिंदी फारच फोफावली होती. त्या सुमारास कपडे धुण्याचं मशीन बिघडलं होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारापाशी तिच्या वेताच्या खुर्चीत बसून तासन्‌तास फोनवर बोलायची. "बोलो समाधानजी", "नहीं हो समाधानजी", आणि मग खो खो हसायची. मशीनच्या कंपनीचं ग्राहक समाधान केंद्र असणार, असं काकांनी मनाशी ठरवून टाकलं. मशीनवाल्यांशी एवढं हसण्यासारखं काय असतं ते त्यांना कधी कळलं नाही. मशीन काही दुरुस्त झालं नाही, पण काकूची त्या केंद्राविषयी तक्रारही नव्हती. अशी सेवा आता कुठे मिळते.

तर डॉक्टर फोनवर म्हणाले, "भाई साहब, सब बढ़िया है. दफ्तर से तारीख मिल गई, हॉल हो गया, बच्चे खुश हैं. बस..." इथे त्यांनी असा काही सुस्कारा टाकला की काकांच्या कानाला वारा लागला. "बस, एक समाधान की कमी है. हमारी बेगम तो रोज यही कहती हैं."

सुई काकांच्या बोटात गेली.

समाधानाची कमी! आणि बाई रोज म्हणतात! लेकीने सगळं साधं ठरवलं होतं. कचेरीत सह्या, मग एका हॉलमध्ये जेवण, आणि लग्नाआधीच्या रविवारी मुलाकडच्यांनी चहाला घरी यायचं. साधेपणा दोन्हीकडे पसंत आहे असं काका समजत होते. आणि इथे ही माणसं आतल्या आत असमाधानी!

"आप चिंता मत करो," काका म्हणाले. "शादी के पहले मैं समाधान लाता हूँ."

"जी?" डॉक्टर म्हणाले. "लाते हैं? इतनी... इतनी जल्दी?"

"जल्दी कैसी? पहलेच करना था. मेरा ध्यान नहीं था."

"अच्छा," डॉक्टर म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा एकदा "अच्छा" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

लेकीला विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण लेक दुसऱ्या गावी नोकरीला, आणि स्वभावाने आईवर गेलेली. तिने तडक सासरी फोन लावून "कसलं समाधान हवंय तुम्हाला?" असं विचारलं असतं. शिवाय काकांचा मानही आडवा आला. आई असती तर सगळं नीट झालं असतं, बाबांना जमलं नाही, हे लेकीच्या मनात येऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती. ती बोलून दाखवणार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच ते जास्त लागलं असतं.

त्यांनी मेव्हण्याला बोलावलं. काकूचा हा धाकटा भाऊ सल्ल्याला कधी नाही म्हणत नसे. न मागता दिलेला सल्ला तर त्याचा खास होता.

"भाऊजी, ही माणसं सरळ बोलत नाहीत," त्याने चहा बशीत ओतत निदान केलं. "'कमी है' म्हणजे टोमणा आहे."

"पण कमी कशाची?"

"ते सांगितलं तर टोमणा कसला राहिला?"

हे काकांना पटलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. यांचे यजमान सोसायटीचे चेअरमन, आणि या स्वतः दुपारभर हिंदी मालिका बघत, त्यामुळे हिंदी सासरांचा त्यांचा अभ्यास दांडगा.

"काका, असं वाक्य आलं ना, की वीज चमकते आणि प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवतात," त्या म्हणाल्या. "प्रकरण गंभीर आहे. आधी ही खोली बघा."

काकांनी खोली बघितली. इतकी वर्षं त्यांना ती खोली वाटत होती. वहिनींच्या नजरेने पाहिल्यावर ती जप्तीच्या आदल्या दिवशीसारखी दिसू लागली. भिंतींना पोपडे. बसायला एक दिवाण, दोन स्टुलं आणि काकूची वेताची खुर्ची. बूड खचलेली, बसलं की कुरकुरणारी.

"ही तर आधी हलवा," वहिनी म्हणाल्या. "मी वर ठेवते माझ्याकडे. तात्पुरती."

खुर्ची वर गेली. काकांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि मग तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं.

त्यानंतर समाधान आणण्याचं काम जोरात सुरू झालं. भिंतींना हस्तिदंती रंग द्यायचा ठरलं. मेव्हण्याने ओळखीच्या दुकानातून डबे आणले. वाळल्यावर भिंती कावीळ झाल्यासारख्या दिसू लागल्या. "दिव्याच्या उजेडात बरा वाटेल," मेव्हणा म्हणाला. दिवा लावल्यावर काका आणि मेव्हणा दोघांनाही कावीळ झालेली दिसली, एवढाच फरक.

मग मेव्हण्याने त्यांना केस कापायला नेलं. काकांनी न्हाव्याला फक्त "लग्न आहे" एवढंच सांगितलं. "कुणाचं?" असं त्याने विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही. काका खुर्चीत डोळे मिटून बसले, थोडे पेंगले, आणि जागे झाले तेव्हा समोरच्या आरशात कुळकुळीत केसांचा एक म्हातारा भेदरून त्यांच्याकडे बघत होता. जिन्यात भेटलेल्या शेजारणीने त्यांना "कुणाकडे आलात?" असं विचारलं.

हॉल लहान पडेल असंही मेव्हण्याला वाटू लागलं. काका हॉलच्या कचेरीत गेले. कारकुनाने एक अर्ज पुढे सरकवला. 'हॉल बदलण्याचे कारण' असा रकाना होता. काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : वरपक्षाचे समाधान.

"हे चालणार नाही," कारकून म्हणाला. "इथे समाधानाला जागा नाही. मृत्यू, आजारपण किंवा तारखेत बदल. तिन्हींपैकी एक लिहा."

काका पेन धरून बसून राहिले. "मृत्यू लिहिला तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"कधी झालाय?"

"वर्ष झालं."

"मग नाही चालत," कारकून म्हणाला. "ताजा लागतो."

काका उठले. ताजा आणि शिळा यांतला फरक त्या माणसाला समजावून सांगावा असं त्यांच्या मनात आलं होतं. पण बोलण्याचं खातं त्यांच्याकडे नव्हतं. तेवढ्यात अर्जात 'तारीख' शब्द ऱ्हस्व छापलेला दिसला. तो त्यांनी दुरुस्त केला आणि ते घरी आले. हॉल तोच राहिला.

उरली बैठक. समोरच्या गल्लीतलं एक कुटुंब परदेशी निघालं होतं, त्यांची सोफ्याची बैठक विकाऊ होती. काका ती बघून आले त्याच संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"भाई साहब, वो... समाधान का कुछ हुआ?"

"बहुत कुछ हुआ!" काका उत्साहाने म्हणाले. लाजत लाजत का होईना, त्यांची हिंदी आता सुटू लागली होती. "आजही देखके आया. सामनेवाली गली में है. पुरानी है, लेकिन घराणेदार है. इतने बरस एकच घर में थी. वो लोग परदेस जाते हैं, साथ में ले जाना परवडता नहीं, इसलिए निकाल रहे हैं."

"निकाल रहे हैं?"

"हाँ. मैंने बोला, मेरे को दो. बीच में थोड़ी बैठ गई है, पर ऊपर का कपड़ा बदला तो एकदम नई दिखेगी."

पलीकडे डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"एकच अडचण है," काका म्हणाले. "चेअरमन लिफ्ट में घुसने नहीं देता. बोलता है वजन जास्त है. तो चार लोग उठाके जिने से लाएँगे."

"उठा के," डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले. मग सावरून त्यांनी विचारलं, "बिटिया को मालूम है?"

"नहीं नहीं! उसको मत बोलना. एकदम आके देखेगी तो खुश होगी."

"भाई साहब," डॉक्टर म्हणाले, "आपकी हिम्मत है."

काकांनी फोन ठेवला. वर्षभरात त्यांना कुणी असं चांगलं म्हटलं नव्हतं. त्या आनंदात त्यांनी बटण लावून टाकलं. ते पॅन्टच्या खिशालाही शिवलं गेलं, पण पक्कं बसलं.

बैठक जिन्याने आली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती अडकली आणि दुपारभर अडकून राहिली. त्या वेळात वरची माणसं वर आणि खालची खाली. चेअरमन वरच्या बाजूला सापडले होते. त्यांनी कठड्यावरून वाकून नियम सांगितला की जिना अडवणं हेही नियमबाह्य आहे. शेवटी बैठकीचा एक पाय कापून ती सोडवली. त्या जागी काकांनी छापखान्यातून आणलेले जुने अहवाल रचले. इतक्या वर्षांत त्या अहवालांचा कुणाला आधार झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.

आणि शनिवारी, म्हणजे मुलाकडचे चहाला येणार त्याच्या आदल्या दिवशी, लेक न कळवता दारात उभी राहिली.

तिने पिवळ्या भिंती पाहिल्या. लाल कापडाची बैठक पाहिली. मग वडिलांचे केस पाहिले, आणि तिच्या हातातली बॅग खाली पडली.

"म्हणजे खरं आहे तर," ती म्हणाली.

"आवडलं?" काकांनी विचारलं.

"आईची खुर्ची कुठाय?"

"वर. वहिनींकडे. तात्पुरती."

"तात्पुरती!" तिचे डोळे भरले होते. "बाबा, तुम्ही एकटे आहात, मला कळतं. मी नाही म्हटलं नसतं हो. पण मला सांगायचं तरी! होणाऱ्या नवऱ्याकडून कळावं मला? तिकडे त्याची आई जेवत नाहीये. आणि ती कुठाय?"

"ती कोण?"

"जिला चार माणसं उचलून जिन्याने आणणार होती ती!"

"ही काय," काका म्हणाले आणि त्यांनी बैठकीवर थाप मारली. अहवाल घसरले, बैठक एका बाजूला कलली.

लेक कललेल्या बैठकीकडे पाहत राहिली. मग तिने वडिलांना त्याच कलत्या बैठकीवर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं वदवून घेतलं. 'समाधान की कमी' इथवर आल्यावर ती म्हणाली, "पुन्हा म्हणा. काय म्हणाले ते?"

"समाधान की कमी है."

"समधन, बाबा. समधन! समधी म्हणजे व्याही. समधन म्हणजे विहीण. ते म्हणत होते, सगळं आहे, फक्त विहीणबाई नाहीत. आई नाही म्हणून म्हणत होते ते."

सवयीने काकांनी खिशातली लाल पेन्सिल काढली आणि नव्या हस्तिदंती भिंतीवरच लिहिलं : समाधान. मग एक काना खोडला. मग दुसरा खोडला. उरलेल्या शब्दाकडे ते बराच वेळ बघत होते. आयुष्यभर लोकांचे काने तपासले, आणि ऐन वेळी कानांनी दोन काने पदरचे घातले.

आणि मग एकेक वाक्य त्यांना आठवू लागलं. शादी के पहले लाता हूँ. पुरानी है, लेकिन घराणेदार. बीच में थोड़ी बैठ गई है. ऊपर का कपड़ा... काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे काळे केस तेवढे वर दिसत होते.

लेक आधी रडत होती. आता ती हसत होती, पण डोळे काही थांबेनात. "थोडा झोल असलेली आई मिळणार होती मला," ती म्हणाली.

"हसू नकोस," काका तोंड झाकूनच म्हणाले. "त्या बाई जेवत नाहीत म्हणालीस."

"मग फोन करा. आत्ता. मी नाही करणार, तुम्हीच बोला."

तिने त्यांच्याकडून शब्द घोकून घेतला. समधी. समधन. म ला काना नाही, ध ला काना नाही. काकांनी तो पाढ्यासारखा म्हटला आणि मग फोन लावला. डॉक्टरांचा "हॅलो" ऐकताच पाढा पळाला.

"माफ करना, समाधीजी," काका म्हणाले.

"अभी तो जिंदा हूँ, भाई साहब," डॉक्टर म्हणाले.

लेकीने कपाळावर हात मारला. पण पुढचं काकांनी स्वतः निभावलं. मोडकं, धडपडत, शेवटी सगळीकडे 'है' ठेवत. सोफा है. बैठने का है. बाई नहीं है. डॉक्टर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग हसू थांबलं आणि ते म्हणाले, "बेगम को मैं समझा दूँगा. पर वो दुखी बहुत थीं. कल देखते हैं, आती हैं कि नहीं."

रात्री काकांना जेवण गेलं नाही. बाई आल्या नाहीत तर लेकीच्या संसाराची सुरुवातच अशी व्हायची, आणि तीही बापाच्या कानांमुळे.

सकाळी लेक वर जाऊन खुर्ची घेऊन आली. वहिनींना खुर्चीचा तेवढ्यात लळा लागला होता. मालिका बघायला ती उंचीला फार बरोबर होती म्हणे. खुर्ची तिच्या जुन्या जागी ठेवली. काविळीच्या भिंतीपुढे ती आणखीनच म्हातारी दिसत होती.

डॉक्टर आले. बाईही आल्या. पण नमस्कार होईपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही, आणि वर पाहिलं ते थेट काकांच्या केसांकडे.

"नाई ने किया है," काका घाईने म्हणाले. "मैं सो गया था है."

बाईंच्या ओठांची कड हलली. डॉक्टर बैठकीवर बसले आणि हलकेच डावीकडे कलले. बाई बसल्या नाहीत. त्यांची नजर खोलीभर फिरली, वेताच्या खुर्चीवर थांबली, आणि त्या सरळ जाऊन तिच्यात बसल्या. खुर्ची कुरकुरली.

बाई जागच्या जागी थिजल्या. मग त्यांनी मुद्दाम थोडं मागे टेकून पाहिलं. खुर्ची पुन्हा कुरकुरली.

"यही आवाज थी," त्या म्हणाल्या. "फोन पर रोज आती थी. मैं पूछती थी, ये क्या बोल रहा है पीछे? तो कहती थीं, मेरी कुर्सी है, ये भी हिंदी सीख रही है."

लेकीने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"मिलना तो हुआ ही नहीं हमारा," बाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि मग त्यांना एकदम हसू आलं. "पता है भाई साहब, मुझे समधन नहीं कहती थीं. समाधानजी कहती थीं. बोलो समाधानजी, सुनो समाधानजी. मैंने कभी टोका नहीं. इतना अच्छा नाम मेरा किसी ने नहीं रखा था."

काका चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. कोपऱ्यात ते बिघडलेलं मशीन तसंच होतं. ते एकदा मशीनकडे आणि एकदा बाईंकडे पाहत राहिले. त्या नादात ट्रे कलला, तेव्हा लेकीने पुढे होऊन ट्रेला हात लावला.

काल रात्रभर त्यांनी तो शब्द घोकला होता. आता तो जिभेवर अगदी स्वच्छ तयार होता, एकही काना जास्त नाही. ते बाईंपुढे आले, कप पुढे केला आणि म्हणाले,

"चाय लीजिए, समाधानजी."

"बाबा," लेक कुजबुजली, "समधन! दोन काने..."

छापखान्यात एखादी दुरुस्ती चुकून केली गेली, तर अक्षरांखाली टिंबं देऊन समासात लिहायची पद्धत असते : जसे आहे तसे ठेवा. इतक्या वर्षांत काकांनी ते फारसं कधी लिहिलं नव्हतं.

"असू देत गं," ते म्हणाले. "आईचे आहेत."